शहराचा इतिहास शोधायचा तर एका ओढ्यापासून सुरुवात करा

'मला पुण्याचा इतिहास अभ्यासायचाय, कुठून सुरू करू?' असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, पुण्यात कुठला? पेठ कुठली, गल्ली कुठली, काळ कुठला? अख्खं शहर हा काही विषय होत नाही. एक हौद, एक पूल, एक मंडई, एखादी सोसायटी जिथे उभी आहे ती जमीन, असलं काहीतरी हातात धरा. शहर त्याच्या मागोमाग येतं.

या लेखापुरता आपण आंबील ओढा धरू. कात्रजच्या डोंगरातून निघतो, दांडेकर पुलाखालून जातो आणि मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो काठावरच्या सोसायट्यांत आणि वस्त्यांत घुसला, माणसं गेली, गाड्या वाहून गेल्या. तेव्हा वर्तमानपत्रांतून एक वाक्य फिरत होतं: 'ओढ्याने आपली जुनी वाट धरली.' ही जुनी वाट म्हणजे नेमकी कुठली, हा आपला प्रश्न. तुमचं शहर नाशिक असो की सोलापूर, पायऱ्या साधारण याच राहतील.

पायरी १ : प्रश्न एका ओळीत लिहा

'आंबील ओढ्याचा इतिहास' हा प्रश्न नाही, तो निबंधाचा मथळा झाला. प्रश्न असा हवा: 'अठराव्या शतकाच्या मध्याआधी आंबील ओढा आजच्या कुठल्या पेठांतून वाहत होता, आणि त्या पात्रावर पुढे काय बांधलं गेलं?' यात जागा आहे, काळ आहे, आणि उत्तर चूक ठरू शकतं. चूक ठरू शकत नाही अशा उत्तराच्या मागे लागू नका, त्यात वर्षं जातात.

खाली दोन रकाने करा: 'ऐकीव' आणि 'कागदावर पाहिलेलं'. सुरुवातीला सगळं पहिल्या रकान्यात जाईल. ओढा नानासाहेब पेशव्यांच्या काळात वळवला, त्याआधी तो कसब्याच्या पश्चिमेने वाहायचा, पूर्वेला नागझरी होती, हे पुण्यात पुष्कळांना माहीत असतं. 'कुठे वाचलंत?' म्हटलं की गप्प होतात.

पायरी २ : आधी छापील, मग दप्तर

नवखा माणूस थेट पेशवे दप्तरात, म्हणजे पेशवाईच्या कागदांच्या सरकारी संग्रहात, जाऊन बसतो आणि दोन दिवसांत कंटाळून परत येतो. आधी छापील साधनं संपवा.

पहिलं पुस्तक म्हणजे गॅझेटिअर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा अठरावा खंड पुणे जिल्ह्याचा आहे. तो तीन भागांत १८८५ साली निघाला आणि पुणे शहर त्याच्या तिसऱ्या भागात आहे. महाराष्ट्र शासनाने जुनी गॅझेटिअर्स इंटरनेटवर टाकली आहेत, फुकट वाचता येतात. त्यात पेठेपेठेची लांबी-रुंदी, मंदिरं, हौद, आणि १८५१, १८७२, १८८१ ची लोकसंख्या दिली आहे. पेठांची जुनी नावंही मिळतात: शनिवारचं मुर्तजाबाद, सोमवारचं शहापूर, बुधवारचं मुहियाबाद, रविवारचं मलकापूर. ही नावं वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. जुन्या कागदात 'बुधवार पेठ' शोधत बसलात आणि कागद मुहियाबाद म्हणत असला, तर तो तुमच्या समोरून निघून जाईल. गॅझेटिअरमध्ये रविवार पेठ 'आदितवार' या नावाने आहे. शिवाजीनगरला त्या काळात भांबुर्डा म्हणत. इंग्रजीत शोधताना पुण्याचीच चार-पाच स्पेलिंगं करून बघावी लागतात.

मात्र गॅझेटिअर सरकारी अधिकाऱ्यांनी, सरकारी गरजेसाठी लिहिलेलं आहे. सारा, जाती, व्यापार, रस्ते यांवर ते भरभरून बोलतं. बायका, नोकरचाकर, गावकुसाबाहेरच्या वस्त्या यांच्याबद्दल एक तर गप्प बसतं किंवा चार ओळीत निकाल लावतं. मोजमाप घ्या, शेरे जपून घ्या.

दुसरं साधन पेशवे दप्तरातले निवडक कागद. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड निघाले. ते देवनागरीत आहेत, म्हणजे मोडी न येताही वाचता येतात. पण 'निवडक' या शब्दाकडे लक्ष द्या. लढाया, राजकारण, पत्रव्यवहार यांना त्यात झुकतं माप आहे. ओढा वळवायला किती बेलदार लागले, असल्या नोंदी न छापलेल्या कागदांत असण्याची शक्यता जास्त.

विसाव्या शतकासाठी गोखले इन्स्टिट्यूटमध्ये धनंजयराव गाडगीळांनी केलेली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी बघा. तिचे भाग १९४५ आणि १९५२ साली छापले गेले. घराघरात जाऊन केलेली पाहणी आहे. शहराचे इतके बारीक आकडे दुसऱ्या फार थोड्या गावांना मिळाले.

वर्तमानपत्रं सोडू नका. ज्ञानप्रकाश १८४९ पासून, केसरी १८८१ पासून. बातम्यांइतक्याच जाहिराती आणि नगरपालिकेच्या नोटिसा वाचा. कुठला रस्ता रुंद होतोय, कुठल्या जागेचा लिलाव आहे, कुठे नळ आला, हे तिथेच सापडतं.

पायरी ३ : दप्तरात जाताना

पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे ज्याला सगळे अजून पेशवे दप्तरच म्हणतात, ती १८९१ सालची दगडी इमारत आहे. आत कोट्यवधी कागद, कापडात बांधलेले. या गाठोड्याला रुमाल म्हणतात आणि मागणीपत्रावर रुमालाचाच क्रमांक लिहावा लागतो. जाण्याआधी फोन करून काय काय लागेल ते विचारा. सहसा ओळखपत्राची प्रत, अर्ज आणि एखाद्या संस्थेचं किंवा प्राध्यापकाचं पत्र मागतात. पेन्सिल न्या. पेन आत चालत नाही आणि चालू नयेच.

आत गेल्यावर 'आंबील ओढ्याचे कागद द्या' असं म्हणू नका. विषयवार कपाट नसतं. दप्तर ज्या खात्याने तयार केलं त्या खात्याप्रमाणे लावलेलं असतं: रोजकीर्द म्हणजे दैनंदिन जमाखर्च, मग घडणी म्हणजे खातेवार हिशेब, चिटणिशी म्हणजे पत्रव्यवहार, आणि जमाव. म्हणून प्रश्न उलटा करायचा. ओढा वळवला तर पैसे कोणी दिले, कोणत्या खात्यावर पडले, मजूर कोणाचे, जमीन कोणाची गेली, त्याला भरपाई मिळाली का? आता तुम्हाला ओढा शोधायचा नाही, खर्च शोधायचाय. खर्च रोजकीर्दीत असतो. इथे बरेच जण अडकतात, कारण आपल्याला गोष्ट हवी असते आणि दप्तर हिशेब देतं. हिशेबातून गोष्ट काढायची सवय लागली की मग मजा येते.

कागद हातात आला की वरची तारीख. इथे थांबून नीट बघू, कारण नवख्याची गाडी इथेच घसरते. पेशवाईतल्या कागदावर अनेकदा शुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. 'इसने सलासीन मया अलफ' म्हणजे दोन, तीस, शंभर, हजार, एकूण ११३२. यात ५९९ मिळवले की १७३१. पण हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होतं. त्यामुळे त्याच वर्षातला माघ महिन्याचा कागद असेल तर इसवी सन १७३२ धरायचा. शनिवारवाड्याची वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची, ती याच ११३२ सनात बसते. शकात ७८ मिळवतात, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९. फसली या महसुली सनात ५९०, तिथेही वर्षाची सुरुवात सांभाळून. प्रत्येक तारीख वहीत आधी मूळ शब्दांत उतरवा आणि शेजारी रूपांतर. नुसतं रूपांतर लिहिलं तर पुढे चूक सापडणार नाही.

मोडी शिकावी का? हो, पण त्यासाठी काम थांबवू नका. पुराभिलेख खातं आणि भारत इतिहास संशोधक मंडळ दोघांकडे मोडीचे वर्ग चालतात. अक्षरं थोड्या दिवसांत ओळखू येतात, घसटतं अक्षर वाचायला मात्र महिने जातात. तोवर जाणकार मोडी वाचकाची मदत घ्या आणि त्याचे पैसे द्या. हे कौशल्याचं काम आहे, 'जरा बघून सांगा ना' म्हणून करून घ्यायचं नाही. सदाशिव पेठेतलं मंडळ १९१० मध्ये इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी स्थापलं. खासगी घराण्यांची दप्तरं तिथे पुष्कळ आली आहेत. सरकारी कागदात जे नाही ते कित्येकदा अशा दप्तरात मिळतं.

१८१८ नंतरचे इंग्रजी कागद मुंबईला. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं मुख्य पुराभिलेखागार आहे. कोल्हापूर आणि नागपूरलाही शाखा आहेत. गोव्यातल्या शहरावर काम करणाऱ्याला पणजी गाठावी लागेल, आणि तिथे मोडीइतकीच पोर्तुगीजची तयारी हवी.

पायरी ४ : नकाशे, आणि त्यांचं वय

नकाशा पाहताना आधी प्रमाण बघा. भारतीय सर्वेक्षण विभागाची नेहमीची टोपोशीट १:५०,००० असते, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पन्नास मीटर. त्यावर ओढा दिसेल, गल्ली दिसणार नाही. नगर भूमापनाच्या, म्हणजे सिटी सर्वेच्या शीटवर १:५०० असेल तर तोच एक मिलिमीटर अर्धा मीटर होतो, घराची भिंतसुद्धा दिसते. 'नकाशात तिथे काहीच नव्हतं' असं लिहिण्याआधी त्या प्रमाणात ते दिसलं असतं का, हे स्वतःला विचारा.

जुन्या नकाशांवर अनेकदा साल नसतं, किंवा छपाईचं असतं आणि पाहणी वीस वर्षं आधीची असते. वय ठरवायला नकाशातल्याच खुणा वापरा. रेल्वे दिसते? मग १८५८ नंतरचा. खडकवासल्याचा तलाव दिसतो? मग १८७० च्या दशकाच्या अलीकडचा. नवा पूल दिसतो? १९२३ नंतरचा. शंभरी उलटली तरी पुण्यात तो नवाच पूल आहे. त्यावेळच्या कागदात तो लॉईड ब्रिज म्हणून सापडेल आणि आजच्या पाटीवर शिवाजी महाराजांच्या नावाने. 'हे आहे' आणि 'हे अजून नाही' अशा दोन खुणांच्या मध्ये नकाशा पकडायचा.

मग जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवणं. त्यासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यातल्या जिओरेफरन्सर या साधनात जुन्या नकाशावरचा एक बिंदू आणि आजच्या नकाशावरचा तोच बिंदू अशा जोड्या द्यायच्या. तीन जोड्यांवरही काम होतं, पण आठ-दहा द्या आणि त्या नकाशाभर पसरलेल्या असू द्या. सगळ्या शनिवारवाड्याभोवती दिल्या तर स्वारगेट भलतीकडे जाईल. सॉफ्टवेअर निर्देशांक-पद्धत विचारतं, पुण्याला यूटीएम ४३ उत्तर हा विभाग लागतो. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट या वेगळ्या आधारावर काढलेल्या आहेत. ते न सांगता चढवल्या तर सगळं शहर एका बाजूला सरकलेलं दिसतं.

बिंदू कुठले घ्यायचे, यावर काम चांगलं होईल की वाईट ते ठरतं. जागची हलली नाही अशी वस्तू हवी. पाताळेश्वराची लेणी खडकातच कोरलेली, ती कुठे जाणार? ओंकारेश्वर, पर्वतीचं देऊळ, शनिवारवाड्याचे बुरूज चालतील. रस्त्यांचे चौक टाळा, कारण रुंदीकरणात चौकाचा मध्य सरकतो. लाल महाल मुळीच घेऊ नका. आज दिसतो तो महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेला आहे. नदीचा काठ तर विश्वासाचा नाहीच.

पेशवेकालीन हाती काढलेल्या नकाशावर हा प्रयोग जपून करा. त्यात देऊळ मोठं आणि गल्ली छोटी असते, कारण काढणाऱ्याला देऊळ महत्त्वाचं होतं. तो ताणून आजच्या नकाशावर बसवला की उगाच अचूकतेचा भास होतो. तो शेजारी ठेवून वाचावा: कशाच्या उजवीकडे काय, कोणत्या देवळानंतर ओढा लागतो, एवढंच.

विमानातून आणि उपग्रहातून काढलेली चित्रं अलीकडच्या काळाला सोन्यासारखी. लँडसॅट उपग्रहांची १९७२ नंतरची आणि त्याआधीच्या दशकातली कोरोना हेरगिरी उपग्रहांची अमेरिकी चित्रं यूएसजीएस या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर शोधता येतात. कात्रज, धनकवडी, बिबवेवाडी ही शेतं कधी संपली ते तिथे दिसतं. ओढ्याचं पात्र कुठे बारीक होत गेलं तेही.

पायरी ५ : जमिनीचे कागद

सिटी सर्वे नंबर कळला की मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढा. शेतजमिनीला सातबारा आणि त्यावरचे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर आजचे उतारे दिसतात, जुने फेरफार तलाठी किंवा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मागावे लागतात. फेरफार क्रमाने मागे मागे वाचत गेलं की शेत कधी बिनशेती झालं, कुणी घेतलं, ओढ्याचा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा तुकडा, कधी गायब झाला, हे दिसतं. ओढ्याच्या अभ्यासात एवढी एक नोंद सापडली तरी दिवस सार्थकी.

त्यावर विकास आराखडा ठेवा. पुण्याचे १९६६, १९८७ आणि २०१७ चे मंजूर आराखडे शेजारी शेजारी मांडून एकच तुकडा तिन्हीत बघा. कुठे बाग होती, कुठे रस्ता आला, आरक्षण कधी उठलं. नकाशा कार्यालयात 'सापडत नाही' म्हणाले तर माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचा अर्ज. अर्जात शीटचा क्रमांक आणि मंजुरीचं साल लिहा, नाहीतर 'माहिती व्यापक स्वरूपाची आहे' असं छापील उत्तर येईल.

उताऱ्यांवर जिवंत माणसांची नावं असतात. ती स्वतःच्या टिपणात ठेवा, लेखात टाकू नका.

पायरी ६ : आकडे

जनगणनेचे जुने तक्ते आणि जिल्हा पुस्तिका जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर आहेत. आकडे उतरवण्याआधी दोन गोष्टी.

एक, हद्द. पुणे महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० ला झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ३१,२४,४५८. पुढे २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली, क्षेत्र जवळपास दुप्पट झालं. आता २०११ चा आकडा आजच्या क्षेत्राने भागून कुणी घनता काढली तर शहर एका रात्रीत मोकळंढाकळं दिसेल. प्रभागांचंही तेच, दर निवडणुकीला रेषा बदलतात. पेठ मात्र फारशी हलत नाही, म्हणून मध्यवस्तीसाठी पेठ हेच एकक धरा.

दोन, तारीख. पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला तो १२ जुलै १९६१ ला. त्या वर्षीची जनगणना मार्चच्या सुरुवातीची. म्हणजे १९६१ च्या तक्त्यात दिसणारं पुणे पुराआधीचं आहे. नारायण, शनिवार पेठेतल्या नदीकाठच्या घरांची माणसं त्यात अजून तिथेच राहतात. पुढची मोजणी १९७१ ला. मधल्या दहा वर्षांत पूरग्रस्त गोखलेनगरला आणि सहकारनगरच्या सोसायट्यांत गेले, पण त्याच दहा वर्षांत वाडे सोडून फ्लॅटमध्ये जाणारेही होते. तक्ता दोघांना एकाच वजाबाकीत घालतो. वेगळं करायचं तर पूरग्रस्तांच्या याद्या, सोसायट्यांच्या नोंदणीच्या तारखा, आणि माणसं.

पायरी ७ : माणसं आणि पायपीट

जुन्या माणसाला 'कोणत्या साली?' असं विचारू नका. 'पानशेतच्या आधी की नंतर?' असं विचारा. पुण्यातल्या एका पिढीचं पंचांगच तिथून सुरू होतं. 'आजोबा, ओढ्यात पोहायला जायचात का?' यालाही उत्तर मिळतं, आणि कुठे पोहायचो, काठावर कुणाचा मळा होता, हेही त्यात येतं. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. सांगणाऱ्याची आठवण कागदाशी जुळली नाही तर त्याला खोडून काढायला जाऊ नका, दोन्ही लिहून ठेवा.

मग चाला. पात्राशेजारून कात्रजकडे, हातात दोन नकाशांच्या प्रिंट. कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारा पेशव्यांचा भुयारी नळ याच दिशेने येतो, त्याचे उच्छ्वास, म्हणजे हवा खेळण्यासाठी बांधलेले मनोरे, अजून कुठे कुठे उभे आहेत. पर्वतीच्या पायथ्याचं तळं आज सारसबाग आहे, गणपतीचं देऊळ तेव्हा बेटावर होतं. आता मध्यवस्तीत या. रस्ता विनाकारण वळतो, एखादी गल्ली दोन्ही बाजूंनी उतरत मध्ये खोल होते, पावसाळ्यात ठराविक ठिकाणीच तळं साचतं, अशा जागांवर खूण करा. या खुणा पुरावा नव्हेत, पण कागदात कुठे बघायचं ते सांगतात.

प्रत्येक टिपणाखाली तारीख, संस्था, रुमाल किंवा फाइलचा क्रमांक आणि पान, आणि फोटोच्या फाइलला तोच क्रमांक. रकान्यातली 'ऐकीव' वाक्यं एकेक करून उजवीकडे सरकवत न्या. काही तिथेच राहतील. लेखात ती 'असं सांगतात' म्हणूनच जाऊ द्या. आणि हा फेरफटका पहिल्यांदा मारायचा असेल तर जूनमध्ये, दोन-तीन पाऊस झाल्यावर मारा. गवत वाढलेलं नसतं, पाणी कुठून येतं ते दिसतं, आणि पुलाखाली उतरता येतं.